तिसऱ्या हाकेचा डोंगर

त्या डोंगरावर कुणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, हे पायथ्याच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. याला कारण नकल्या. हा गडी आधी नाटक कंपनीत होता. मालकाची नक्कल मालकासमोरच केली आणि नारळ मिळाला, तेव्हा पोटासाठी त्यानं वाटमारी धरली. दिवसा खालच्या खानावळीत बसून वाटसरूंचे आवाज हेरायचे आणि धुकं उतरलं की कड्याजवळ जाऊन एकाच्या आवाजात दुसऱ्याला हाक मारायची. माणूस आवाजामागे जाऊन कड्याखाली पडला की त्याचं गाठोडं नकल्याचं. एकदा म्हणे त्यानं न्यायाधीशालाही बायकोच्या आवाजात हाक मारली. न्यायाधीश वाचला, कारण बायकोच्या हाकेला ओ द्यायची त्याला सवयच नव्हती. शेवटी शिपायांनी नकल्याला गोळी घातली, ती तिसरी हाक तोंडात असताना. तेव्हापासून त्याच्या भुताकडे दोनच हाका आहेत. तिसरी आली, तर हाक मारणारा जिवंत माणूस समजायचा.

याच गावातल्या चष्मेवाल्याच्या घरात या गोष्टीचा खेळ झाला होता. लेक स्वयंपाकघरातून "बाबा" म्हणायची, पुन्हा "बाबा" म्हणायची, आणि हा भिंगं पुसत ढिम्म. तिसऱ्यांदा म्हणाली की मग, "ओ, जिवंत आहेस होय?" त्याची बायको गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांवर "ब्रेक, ब्रेक" ओरडून आल्यावर तिला हा पोरकटपणा नको व्हायचा. पण बाप-लेकीपुढे तिचं काही चालेना. शेवटी तीही तिसऱ्या हाकेलाच उठायला लागली.

लेकीला जिओकॅशिंगचं वेड होतं. एकानं कुठंतरी डबी लपवायची, तिचा ठावठिकाणा फोनवरच्या नकाशात टाकायचा, आणि ओळखपाळख नसलेल्या लोकांनी ती शोधत यायचं. डबीतलं काही घेतलं तर आपलं काही ठेवायचं. "रिकामटेकड्यांचे उद्योग," आई म्हणायची. लेकीनं दुकानातली चष्म्याची जुनी पत्र्याची डबी उचलली आणि माथ्यावर, कड्याच्या जरा अलीकडे, दगडांच्या खोबणीत लपवली.

चार वर्षांपूर्वी ती डबी बघायला तिघं निघाली. आई गुडघा धरून खालच्या वळणावरच बसली. बाप अर्ध्यावर दम खायला टेकला. लेक पुढे गेली, मागून धुकं आलं, आणि दुपारी ती कड्याखाली सापडली.

तिनं हाक मारली होती का, असं सगळ्यांनी विचारलं. दोघांनीही नाही म्हणून सांगितलं.

बाप खोटं बोलला होता. त्यानं दोनदा "बाबा" ऐकलं होतं, आणि गालातल्या गालात हसत तो तिसरीची वाट बघत बसला होता. हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही. ऐकून ती घर सोडून जाईल ही भीती होतीच. पण ती जाणार नाही, रोज समोर बसून जेवेल, याची भीती त्याहून मोठी होती.

आता डबीचा खेळ चालवणाऱ्यांचा निरोप आला होता. डबीचं झाकण मोडलंय, आत पाणी जातंय, दुरुस्त केली नाही तर नकाशावरून काढून टाकू. निरोप लेकीच्या फोनवर आला होता. तो फोन चष्मेवाला अजून रोज चार्ज करून गल्ल्याशेजारी ठेवायचा. लेकीचं म्हणून जगात काही चालू राहिलं असेल तर ही डबी. ती जाऊ द्यायला तो तयार नव्हता.

"मी येते," बायको म्हणाली.

"अगं, तुझा गुडघा?"

"गुडघा माझा आहे. माझं मी बघीन."

सकाळी दोघं चढायला लागली. खालच्या वळणाशी बायको थांबेल असं त्याला वाटलं होतं, पण तिथं तिनं उलट पाय उचलले. अर्ध्यावर, तो टेकला होता त्या दगडापाशी, त्याचेही पाय आपोआप भरभर पडले.

डबी जागेवर होती. आत एक शिट्टी, खेळण्यातली मोटार आणि निळं बटण. लेकीनं ठेवलेलं त्यात काही उरलं नव्हतं, अनोळखी लोकांनी एकेक करून नेलं होतं. चष्मेवाल्याला उगाच त्या सगळ्यांचा राग आला. मग त्यानं बारीक पेचकस काढला, नवी बिजागरी बसवली, झाकणाच्या कडेनं रबर चिकटवलं. शिट्टी, मोटार, बटण परत आत ठेवून झाकण दाबून पाहिलं.

तेवढ्यात धुकं आलं. चष्मा पांढरा झाला, समोरची बायकोही दिसेना.

"बाबा."

"ओ," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला आणि उठून आवाजाच्या दिशेनं निघाला. शिकाऊ माणसाच्या हातून स्टिअरिंग खेचावं तसा बायकोनं त्याचा दंड खेचला आणि त्याला खाली बसवलं.

"ओ का दिलीत? पहिलीच होती."

"म्हणजे तुलाही ऐकू आली?"

तिची बोटं त्याच्या दंडात रुतली होती. चार वर्षं गिळलेलं त्याच्यानं आता गिळवेना.

"त्या दिवशी मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "दोनदा. मला वाटलं, खेळ करतेय. मी तिसरीसाठी थांबलो. ती आलीच नाही गं."

आता ती हात सोडेल, असं त्याला वाटलं. तिनं सोडला नाही.

"आली होती," ती म्हणाली.

"काय?"

"खाली, वळणावर. वारा माझ्याकडे फिरला, तेव्हा. 'आई' म्हणाली. एकदाच. मी म्हटलं, पहिली तर आहे. बसून राहिले."

चष्मेवाल्याला कळायला जरा वेळ लागला. लेकीनं तीन हाका पुऱ्या मारल्या होत्या. तिसरी आईला मारली होती, आणि आईला ती पहिली वाटली होती. त्यानं बायकोकडे पाहिलं. चार वर्षं एका ताटलीसमोर दुसरी ताटली ठेवून दोघं एकाच गोष्टीला भीत जेवत होती. त्याला रडू फुटलं, आणि तिलाही.

पुष्कळ वेळानं त्यानं विचारलं, "आत्ता तुला काय ऐकू आलं?"

"आई," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"बाबा."

डबी त्यांनी पुन्हा खोबणीत ठेवली. कड्याकडे पाठ करून, एकमेकांचा हात धरून दोघं उतरायला लागली. खालच्या वळणावर मागून हाक आली. वारा असेल, नकल्याही असेल. दोघांनी एकदम ओ दिली. थोड्या वेळानं दुसरी आली, तिलाही दिली.

मग धुकं निवळलं, पायथ्याची छपरं दिसायला लागली, तिथली माणसंही दिसायला लागली. बायकोचा गुडघा ठणकत होता. तरी दोघं वळणावर उभीच होती, तिसरीसाठी.