फेसाचे घर राखणारी काच

मित्रांनो, मी कंदिलाची जुनी काच आहे. माझा कंदील कधीच भंगारात गेला. मी मात्र अजून आहे. काठाचा टवका उडालेली, पण ताठ! एका कारागिराने मला भट्टीपाशी फुंकून फुगवले, तेव्हाच माझे काम ठरले होते. आतल्या ज्योतीला वारा लागू द्यायचा नाही. वर्षानुवर्षे मी ते इमानाने केले. काजळी धरली की बोलणीही मीच खाल्ली. पुढे घरात विजेचे दिवे आले आणि मी माळ्यावर धूळ खात पडले.

तिथून मला या घरातल्या आईने खाली काढले. ती बेट्टा मासे वाढवायची. लोक ज्यांना फायटर म्हणतात, तेच हे. नर-मादी एकदम एकत्र सोडले तर नर मादीच्या चिंधड्या करतो. म्हणून टाकीत मला उभी करून मादीला माझ्या आत ठेवायचे. नर बाहेरून तिला बघतो, कल्ले फुलवतो आणि पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. ते झाले की मला अलगद उचलायचे.

आई गेली तेव्हा तिच्या हातचा एकच नर उरला होता. त्याला सगळे रावसाहेब म्हणत. अंग निळे, शेपटी झिजलेली, वयाने म्हातारा. त्याची पिल्ले झाली नाहीत तर आईचे मासे संपले, हे शिवणकाम करणाऱ्या तिच्या लेकीला पक्के ठाऊक होते.

"ही शेवटची खेप," मला पुसताना ती म्हणाली. माझाही जीव टांगणीला लागला.

तिने विकत आणलेली मादी माझ्या आत सोडली. दोन दिवस रावसाहेब नुसते येरझाऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात पांढरा फेस दिसला. तिने मला उचलले. बाप रे, काय ती पळापळ! मादीचे दोन खवले उडाले. मी टेबलावरून बघत होते, करणार काय? शेवटी अंडी पडू लागली. रावसाहेब एकेक तोंडात उचलून फेसात ठेवू लागले. लेकीने मादीला बाहेर काढले, टाकीवर झाकण ठेवले आणि ती शिवलेले कपडे पोचवायला गेली.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ आला. त्याची लॉन्ड्री आहे. डाग दिसला की याला चैन पडत नाही. त्याने पंखा लावला आणि टाकीत डोकावला.

"अरेच्चा! टाकीत साबण? ही पोरगी साधं भांडं खळबळत नाही नीट!" म्हणत त्याने झाकण काढले आणि ओंजळीने फेस काढायला सुरुवात केली. मी ओरडणार तरी कशी?

"दादा, हात काढ!" दारातून किंकाळी आली.

"अगं, साबण राहिलाय..."

"साबण नाही रे! अंडी आहेत ती! आईच्या माशाची!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. उरलेला फेस पंख्याच्या वाऱ्याने पांगत होता, अंडी तळाला चालली होती. "घाबरलेला नर आपलीच अंडी खातो," ती कुजबुजली.

"पंखा बंद कर. हळू."

तिने मला उचलले आणि श्वास रोखून टाकीत उतरवले. उरलेला फेस, तळाची अंडी आणि रावसाहेब, सगळे माझ्या आत आले. भावाच्या बोटांवर मोहरीहून बारीक पांढरे दाणे चिकटले होते. त्याने ते एकेक करून माझ्या तोंडातून पाण्यात सोडले. "आई, चुकलो गं," तो पुटपुटला.

रावसाहेबांनी तळाचे एक अंडे तोंडात घेतले. गिळणार? बहीण-भाऊ पापणी हलवेनात. मासा वर आला आणि त्याने ते फेसात ठेवले. मग दुसरे घेतले, मग तिसरे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फेसाखाली इवल्या शेपट्या लोंबू लागल्या. लेक रडतच हसली.

आता त्या टाकीत तीस-चाळीस पिल्ले आहेत. रावसाहेब मात्र महिन्याभरात गेले. माझ्या आत त्या फेसाचे एक वाळलेले कडे राहिले आहे. मित्रांनो, कुणाचे काही पुसून टाकण्याआधी एकदा विचारा, ते कुणाचे घर तर नाही ना?

भाऊ रोज येतो. मला उचलतो, उजेडात धरतो, ते कडे बघतो आणि तसेच राहू देऊन मला जागेवर ठेवतो.