उजवा खांदा

धुरपदाबाई दर बाजाराला शिरूरच्या आमच्या मिशन दवाखान्यात येते आणि उजवा खांदा पुढे करते. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मी, नर्स हन्ना, तेल चोळून देते. असाच खांदा तिच्या मुलाचा, संपतचा, दुखत होता.

संपतचं अपेंडिक्स पोटात फुटलं म्हणून त्याला इनामगावहून बैलगाडीतून आणला होता. डॉक्टरांनी पू काढला, पोटात नळी ठेवली आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. ते मला म्हणाले, मोठ्या आतड्याच्या कडेनं पाण्याच्या पाटासारखी वाट असते. माणूस बसता राहिला तर पू खाली उतरून नळीतून निघतो. निजवला तर त्याच वाटेनं वर यकृतावर चढतो. धुरपदाला मी एवढंच बजावलं, की त्याला आडवा करायचा नाही.

रविवारी आम्ही उपासनेला गेलो आणि संपतला हुडहुडी भरली, डोळे फिरले. खाटेवर जीव जाऊ नये म्हणून आईनं आणि भावकीनं त्याला उचलून भुईवर घेतला. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. भुईनं पोर परत दिलं म्हणत त्यांनी त्याला सकाळभर तसाच सपाट ठेवला. परतल्यावर मी इतकी संतापले, की तोंडाला येईल ते बोलले.

पुढे त्याला उचकी लागली, उजवा खांदा दुखायला लागला. आई तेल चोळत बसली. पू वर यकृतावर चढला होता, त्याचीच कळ खांद्यात उमटत होती. डॉक्टरांनी पुन्हा पोट उघडलं, पण संपत गेला.

परवा ती आली, तेव्हा खांदा पुढे केला नाही.

"काल कांद्याला पाणी देत व्हते," ती म्हणाली. "वाफ्याचा उतार मोडला, आन् सारं पाणी पाटानं माघारी फिरलं. संपतच्या पोटातबी असंच झालं का?"

मी म्हणाले, नाही, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. मला तिची फार दया आली.

"पाण्याचं मला नका शिकवू, बाई. कालपासनं पाठ टेकली की त्यो म्हनतो, आये, बसव मला."

मग तिनं पदर सरकवला. मी तेलाचा हात लावला. तिचं सगळं अंग गार होतं आणि तेवढा खांदा तापानं फणफणला होता.