ठोका माझा, निरोप पेशींचा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा तर जुन्या रेडिओचा भाऊ! दोन बटणे, एक काटा आणि गंजलेला पत्रा. पण मी मेंदूला विजेचे ठोके देणारे यंत्र आहे. सातपूरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला आणि नाशिकच्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी वीस वर्षे गेली.

माझे काम ऐका. उंदराच्या मेंदूची नखासारखी पातळ चकती कोमट खारट पाण्यात ठेवतात. पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडले की ती काही तास जिवंत राहते. मग माझी बारीक तार तिला टेकवतात आणि मी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता ठोका देतो. तेवढ्याने पेशी जागी होते, पाण्यातले कॅल्शियम तिच्यात शिरते, आतल्या इवल्या पिशव्या उघडतात आणि डोपामिन नावाचे रसायन बाहेर पडते. तो असतो शेजारच्या पेशीसाठी निरोप. दुसरी एक तार तो टिपते आणि संगणकावर रेघ वर चढते. इतक्यांदा पाहिले, तरी दर वेळी मी थक्क होतो.

गेल्या श्रावणात मात्र रेघ जेमतेम हलायची. प्रयोग तेजस्विनी या संशोधक विद्यार्थिनीचा होता. तिच्या वडिलांच्या मेंदूत डोपामिन कमी पडते, त्यामुळे चहाचा कपही त्यांच्या हातात थरथरतो. म्हणून तिने हा विषय घेतलेला. तीन आठवडे वाया गेले. तिच्या मार्गदर्शक सरांनी दोष माझ्यावर ठेवला. शनिवारपर्यंत रेघ उठली नाही तर प्रयोग बंद आणि मी भंगारात. नाचता येईना अंगण वाकडे, असे मी मनात म्हणालो. मला फार राग आला होता.

शुक्रवारी तेजस्विनी पाण्यात घालायचे क्षार तोलत होती. प्रयोगशाळेतले मदतनीस धोंडीराम काका, पेठ तालुक्याकडचे, शेजारी काचेची भांडी धूत होते. त्यांनी कॅल्शियमच्या क्षाराची बाटली उचलून हलवली. दाण्यांचा ओला गोळा झाला होता.

"ताई, यानं पाणी धरलंय. पावसाळ्यात आमच्या घरी मीठ असंच होतं. तुम्ही तोलता त्यात निम्मं पाणीच हाय."

तेजस्विनीचा चमचा तसाच थांबला. झाकण सैल ठेवायची सवय तिचीच. वजन बरोबर भरत होते, पण कॅल्शियम कमी पडत होते. मी ठोकत होतो, पेशी जागी होत होती, पण तिच्या पिशव्या उघडत नव्हत्या.

शनिवारी नवी बाटली फोडली. तेजस्विनीने माझे बटण दाबले आणि रेघ सरसर वर गेली. धोंडीराम काका हात पुसत पाहत राहिले.

"एवढ्याशा ठोक्यानं?" त्यांनी हळूच विचारले.

"हो काका. बाबांच्या डोक्यात हेच आता पुरेसं होत नाही."

काकांनी बाटलीचे झाकण घट्ट लावले आणि पुन्हा एकदा पिळून पाहिले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला नावे ठेवण्याआधी झाकण तपासत जा, एवढेच माझे मागणे. आणि हे वाचताना तुमच्या डोक्यात असे असंख्य निरोप बिनबोभाट पोचत आहेत. आज चहाचा कप न सांडता उचललात, तर त्यांची आठवण ठेवा.