हीटरची जाळी

बलभीमनं गाडीला हात लावायच्या आधीच बिराप्पानं त्याची पिशवी उघडून बघितली. पाने, पक्कड, पेचकस, एक कळकट फडकं. मग तो दुधाच्या रिकाम्या कॅनवर असा बसला, की पिकअपचं डावं दार थेट समोर यावं.

"झडती झाली का दाजी?" बलभीम म्हणाला. "का खिसं बी उलटं करून दावू?"

"काम कर तुझं."

बलभीम म्हणजे बिराप्पाच्या बायकोचा, सिद्धम्माचा धाकटा भाऊ. लोहाऱ्यात त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. सिद्धम्माला जाऊन पाच महिने झाले होते. शेवटी तिला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा वीस दिवस पिकअप बलभीमकडंच होती. बिराप्पाच्या गावचं, सास्तूरचं दूध डेअरीला तोच पोचवायचा. थंडी पडल्यावर बिराप्पानं हीटर लावला, तर काचेवर आतून चिकट वाफ. डावीकडची चटई ओली, गाडीत गोडूस वास. इंजिन थंड ठेवायचं कूलंट भरावं, तर चार दिवसांत खाली.

"हीटरची जाळी फुटली," बलभीमनं दारातून वास घेऊनच सांगितलं होतं. डॅशबोर्डाच्या आत वहीएवढी एक जाळी असते, छोट्या रेडिएटरसारखी. इंजिनातलं गरम पाणी तिच्यातून फिरतं.

न उघडता ह्याला कसं कळलं? तेव्हापासून बिराप्पाच्या डोक्यात एकच घोळत होतं. त्या वीस दिवसांत ह्यानं आपली चांगली जाळी काढून दुसऱ्याच्या गाडीला लावली आणि आपल्याला कुजकी घातली. सख्खी बहीण तिकडं मरत असताना.

म्हणून नवी जाळी त्यानं स्वतः सोलापूरहून आणली. काम घरी, अंगणात, डोळ्यांपुढं. जुन्या जाळीवर कंपनीचा ठसा निघाला तर ठीक. नाही निघाला तर बलभीमनं परत ह्या दारात यायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. सिद्धम्माच्या माहेरचं तेवढं एकच माणूस आता येत होतं.

बलभीमनं कूलंट घमेल्यात उतरवलं, पुढचा कप्पा काढला, इंजिनाकडून येणाऱ्या दोन नळ्यांच्या क्लिपा सैल केल्या. निघालेला एकेक स्क्रू बिराप्पा ताटलीत घेत होता.

"अकराच हायती," तो म्हणाला.

"बारावा माझ्या दातात हाय. गिळत न्हाय, भिऊ नका."

जाळी बाहेर आली तशी बिराप्पानं ती ओढूनच घेतली. चष्मा लावला, पत्र्यावरचा मळ अंगठ्यानं पुसला. ठसा होता. आकडेही नव्या जाळीवरचेच.

त्याला बरं वाटायला हवं होतं. पण जाळी तिरकी झाली आणि तिच्या तोंडातून घट्ट पिवळा लगदा त्याच्या हातावर आला. त्यानं बोटं धोतराला पुसली. पिवळाजर्द डाग पडला.

"ही हळद हाय," तो म्हणाला. "गळती बंद कराया रेडिएटरात हळद घातलीस? फिटर हायस का कोण हायस तू?"

"म्या न्हाय घातली."

"मग कोण? गाडीचं लगीन हुतं व्हय?"

बलभीम हसला नाही. फडक्याला हात पुसत राहिला.

"आक्कानं घातली," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. तुमी तेरला पावण्याकडं गेलता, किल्ली माझ्याकडं ठेवून. गाडी दगडावर घासली, रेडिएटर गळाया लागलं. म्या म्हणलं दुकानात नेऊ. ती म्हणली, न्हाय, त्ये यायच्या आत गाडी दारात दिसली पायजे. पावशेर हळद वतली तिनं. गळायचं थांबलं. मागनं म्या डाग मारून रेडिएटरचं भोक बुजवलं, पण हळद ह्या जाळीत येऊन बसली. तवाच ठावं हुतं, ही एक दिस फुटणार."

"तुला गाडी नीट चालवाया काय झालं हुतं?"

"म्या न्हाय. तीच चालवत हुती."

सिद्धम्माला गाडी येत होती, हे बिराप्पाला ठाऊक नव्हतं.

"म्या शिकवली," बलभीम म्हणाला. "लई हौस हुती तिला."

गेल्या थंडीत तिच्या पायांसाठी बिराप्पा हीटर लावायचा. ऊब लागते का विचारलं, की ती "लागतीय की" म्हणायची. ह्या तुंबलेल्या जाळीतून कसली ऊब लागणार?

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी एक प्रश्न विचारून थांबत न्हाय, दाजी."

बिराप्पानं जुनी जाळी खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, "आणखी काय काय सांगू नको म्हणली हुती?"

"एवढंच."

खरं का खोटं, बिराप्पाला कळेना. बलभीमनं मान खाली घातली होती. पण हा माणूस निघून गेला, तर विचारायचं कुणाला? त्यानं नवी जाळी उचलून बलभीमच्या हातात दिली.

"कुठल्या रस्त्याला शिकवलीस?"

"आधी नळी धरा," बलभीम दाराखाली वाकत म्हणाला. "मग सांगतो."