सुष्मीचं नाव न घेता

पैज लागली ती माझ्याच फाटक्या तोंडामुळं. फेब्रुवारीत आमच्या लेकीचं, सुष्मिताचं लगीन झालं, ती गेली धारवाडला. मे महिन्यात एका संध्याकाळी मी, मेहमुदा आणि बाळासो मंगळवार पेठेत माझ्या दारातल्या पायरीवर चिरमुरे खात बसलेलो. मेहमुदा माझी शेजारीण, ब्लाऊज शिवती. बाळासो समोरचा, म्हशी पाळतो. दोघांनाबी मी लई छळलेलं हाय. मेहमुदाच्या मशीनच्या खणात रबरी पाल मीच ठेवलेली. बाळासोच्या म्हशीच्या गळ्यात ‘विकणे आहे’ची पाटी मीच अडकवलेली, दिवसभर गिऱ्हाइकं त्याच्या दारात. तवा दोघं माझ्यावर टपूनच हुती.

उन्हाळा म्हणून पाण्याचा विषय निघाला आणि मी माझं नेहमीचं सुरू केलं, की माझं माहेर शाहूवाडीकडचं, पोरपणी मी हीर आडवी पवून जायचे. मेहमुदानं विचारलं, मग कळंब्याला बाळासोच्या दोस्ताच्या, कृष्णातच्या मळ्यात जातो तवा तू दरसाल हिरीच्या काठावर टॉवेल धरून का बसतीस? मी म्हटलं, सुष्मी भिती की पाण्याला. मी उतरले की पोरगी रडती.

“आता सुष्मी धारवाडला हाय,” मेहमुदा म्हणाली.

बाळासो चिरमुरे टाकून सरसावलाच. तो म्हणाला, अक्का, येत्या ऐतवारी चला. हिरीत पवत समोरच्या भिंतीला हात लावून परत यायचं. आणि मळ्यात पाय ठेवल्यापास्नं बाहेर पडंस्तवर सुष्मीचं नाव काढायचं न्हाय. काढलासा, तर हारलासा. ह्या दोघांचं म्हणणं, चप्पल काढायच्या आत मी नाव घेणार. हरंल त्यानं काय करायचं, तेबी बाळासोनंच ठरवलं. मी हरले तर माझी लग्नातली इरकल त्याच्या म्हशीला नेसवून तिला गंगावेशीत, म्हशी उभ्या करून तिथंच धार काढून इकत्यात त्या दूधकट्ट्यावर न्यायची, आणि गल्लीला धारंचं दूध पाजायचं. ते हरले तर मेहमुदाची बनारसी. मी टाळी दिली. लई हसलो आम्ही.

दुसऱ्या दिवशी मंडईत गेले. बायडाबाई भाजीवालीनं विचारलं, काय देऊ? मनात म्हटलं, नावाची सवय आतापास्नंच मोडावी. आणि मला काय बोलायलाच येईना. इतकी वर्षं मी सांगायचे, सुष्मीला वांगं चालत न्हाय, सुष्मीला दोडका नगो. मला काय पायजे हे वाक्यच तोंडात न्हाय. बायडाबाई बघत बसली, मागच्या बाया ढकलायला लागल्या. तशीच रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

आमचं मालक चन्नवीर गुळाच्या अडतीतनं जेवायला आलं. पैजेचं सांगितलं तर हसलं न्हाईत. तुला खरंच पवायला येतंय काय, एवढंच विचारलं. मी व्हय म्हटलं. पण लगीन झाल्यापास्नं त्यांनी कधी मला पाण्यात बघितलं नव्हतं, आणि मीबी स्वतःला बघितलं नव्हतं. आठवत हुतं ते खरं, का मी रचलेलं? एवढ्या थापा मारल्यात आयुष्यात, त्यातली ही एक असली तर?

ऐतवारी सकाळी कळंब्याला गेलो. सुष्मीचा जुना पंजाबी ड्रेस घातलेला. बाळासोनं मळ्याच्या बांधावरच पहिला सापळा लावला. झकास ड्रेस हाय अक्का, कुणाचा? मी म्हटलं, शिवणाऱ्या बाईला इचार. मेहमुदा खुदकन हसली. मलाबी जरा बरं वाटलं.

हिरीपाशी गेल्यावर ते बरं वाटणं गेलं. गोल, दगडी, जुनी हीर. पायऱ्या एकाच बाजूला. पाणी हिरवंकाळं, वर निस्ती शेवाळाची साय. वाकून बघितलं तर कपारीतनं पारवं फडफडत तोंडावर आली. खोली किती म्हणून कृष्णातला विचारलं, तर तो म्हणाला, उन्हाळ्यात बी तळ दिसलेला न्हाय. त्याला वाटलं मला आवडंल ऐकून.

मी म्हटलं, कंबरेला दोर पायजे. पैजेत दोराला बंदी नव्हती. बाळासोनं मळ्यातल्या म्हशीचा कासरा आणि हिरीवरचा दोर जोडून माझ्या कंबरेला बांधला, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. हा स्वतः पवायला न येणारा माणूस, म्हशीची शेपटी धरून तळ्यात जातो तेवढंच. कृष्णात टायरची ट्यूब आणायला वस्तीवर गेला.

शेवटच्या पायरीवर बसले. पाय पाण्यात. पायाखाली कायतरी सळसळलं, बेडूक का विरोळा साप, म्हाईत न्हाय. मी म्हटलं, मेहमुदा, नगो ग, तिकडं पोरीला कळलं तर ती भिऊन... आणि जीभ चावली.

मेहमुदा दोन पायऱ्या वर उभी. ती हसली न्हाय.

“अक्का, पोरगी कवा रडली? रडायचीस तू. ती पाठीला तरंगायचा डबा बांधून ह्याच हिरीत खिदळत हुती. तू दोर धरलेलास. ती जरा लांब गेली की तू ओढून वर काढलीस, आणि परत उतरूच दिली न्हाईस.”

खोटं म्हणून वरडायला तोंड उघडलं. पण मला तो डबा दिसला. तेलाचा, पिवळा. त्याच्या म्होरं पोरीचं तोंड, आणि ते हसत हुतं. दोर माझ्या हातात.

रागानंच पाण्यात सुटले मी. मेहमुदाच्या का माझ्या, ठाऊक न्हाय.

पाणी बर्फासारखं. छातीच आवळली. पण हात आपणहून निघाले, पायांनी मार दिला. अंगाला म्हाईत हुतं. मी थाप मारली नव्हती. मधोमध गेले आणि हसू फुटलं, तेवढ्यात कंबरेला हिसका बसला. बाळासो भ्याला आणि त्यानं ओढलं. तोंड पाण्याखाली गेलं, नाकात पाणी. वर यायला बघते तर आणि हिसका. तो मला वाचवत हुता आणि मी बुडत हुते. डोळ्यापुढं हिरवं, मग काळं. गाठ हाताला लागंना. लागली तर भिजून दगड झालेली. नखं तुटली. कशी सुटली सांगता येत न्हाय, पण सुटली.

समोरच्या भिंतीला मोटरचा पाईप हुता, त्याला मिठी मारली. बुळबुळीत पाईप, पायाला आधार न्हाय. तिकडं बाळासोनं दोर वर ओढला आणि टोक मोकळं बघून मटकन खालीच बसला. मेहमुदा अल्लाचं नाव घ्यायला लागली. कृष्णातचा पत्ता न्हाय. पायऱ्या लई लांब दिसत हुत्या. हात घसरत हुता. कोण येणार न्हाय हे कळलं आणि माझ्या तोंडातनं निघालं.

“सुष्मेऽ.”

गोल हिरीत ते फिरून माझ्याकडंच आलं. सुष्मी त्या वक्ताला धारवाडात भाकरी थापत असंल. मी परत हाक मारली न्हाय. पाईपाला गाल लावून श्वास घेतला. मग लहानपणी आई बोलवायची तसं स्वतःलाच म्हटलं, शांते, चल. हात सोडला.

परत येताना दोर नव्हता, हसू बी नव्हतं. भीती सगळी हुती तिथंच, छातीवर बसलेली. तिला घेऊनच आले. पायरी हाताला लागली तवा मेहमुदानं वेणी धरून वर घेतलं आणि दोन रट्टे दिले पाठीत. बाळासो डोळं पुसत आला.

“नाव घेतलासा अक्का,” तो म्हणाला.

मी म्हटलं, घेतलं बाबा. हारले. वाटेत मेहमुदा म्हणाली, सुष्मीला फोन करून सांगूया काय? मी म्हटलं, नगो. माझं हाय हे.

सांज झाल्यावर सगळी गल्ली गंगावेशीत. माझी अंजिरी इरकल म्हशीच्या पाठीवर, पदर शिंगाला बांधलेला. म्होरं मी कासरा धरून. रस्त्यातली माणसं सायकली थांबवून बघत हुती. चन्नवीर अडत बंद करून आलेले, पेले धुवायला बसले आणि मधनंच माझ्याकडं बघत हुते. बाळासोनं धार काढली, मी वाटायला लागले. फेस पेल्याबाहेर जात हुता.

एकजण मोटरसायकलवरनं उतरून जवळ आला. म्हशीचं लगीन हाय काय मावशी, म्हणाला.

“न्हाय पावणं. हिरीत पवायची पैज हारले.”

“बुडालासा व्हय?”

“न्हाय. पवून आले.”

“मग हारलासा कशा?”

त्याच्या हातात भरला पेला दिला. तेवढ्यात म्हशीनं मागं इरकलीच्या काठावर शेण टाकलं, गल्लीनं शिट्ट्या मारल्या, आणि मी म्होरचा पेला धारंखाली धरला.