मुठीतला दात

मित्रांनो, माझे बालपण एका देवमाशाच्या जबड्यात गेले, पण ते मला आठवत नाही. मला आठवते ते तेल. फिजीच्या एका बेटावर कुणा म्हाताऱ्याने मला खोबरेल तेलात घोळवले, चुलीच्या धुरात टांगले आणि तळहातांनी इतके दिवस चोळले की माझा पांढरा रंग जाऊन मी मधासारखा झालो. माझ्या दोन्ही टोकांना भोके पाडून त्याने काथ्याची विणलेली दोरी ओवली. असा मी वीतभर लांबीचा, वाकडा, जुना दात आहे. मला कुणी दागिना म्हणून मिरवत नाही. मला फक्त देतात.

ते कसे, सांगतो. मुलगी मागायची असेल, केलेल्या अपराधाची क्षमा मागायची असेल, तर मला ओंजळीत धरून समोरच्यापुढे बसायचे आणि मागणे बोलायचे. समोरच्याने मला दोन्ही हातांनी घेतले की तो हो म्हणाला. मग तो शब्द फिरत नाही. ज्याला नाही म्हणायचे असेल त्याने मला हात लावू नये. कित्येक लग्ने माझ्यामुळे जुळली. दोन गावांचे तीन पिढ्यांचे भांडण एका सकाळी मिटले आणि दुपारी सगळ्यांनी एका पानात मासे खाल्ले, तेही मी पाहिले आहे.

मग एक माणूस मेला आणि मला त्याच्या मुठीत ठेवले.

जुन्या लोकांची ती रीत होती. मेलेल्याच्या वाटेवर एक केवड्याचे झाड लागते. तिथे त्याने हातातला दात झाडावर फेकायचा. नेम लागला तर खाली बसून वाट बघायची. त्याच्या माणसांपैकी कुणीतरी मरून सोबतीला येते. माझ्या माणसाने मला फेकले नाही. का, ते मला कळले नाही. त्याची मूठ थंड होती आणि सुटत नव्हती. वर माती होती, मातीवर वाळू, आणि समुद्र दरवर्षी थोडा जवळ येत होता, एवढे मला ऐकू येई.

एका वादळात किनारा खचला आणि मी उघड्यावर पडलो. बाहेरगावच्या एका माणसाने मला उचलले, मागे वळून पाहिले आणि खिशात टाकले. सुवा शहरातल्या एका दुकानात मी बरेच दिवस टांगलेला होतो. तिथे मला तानिएला भेटला.

तानिएला सिडनीला ट्रक चालवायचा. त्याची बहीण वासिती तिथेच, पश्चिमेकडच्या एका उपनगरात, नवरा जोसेफा आणि मुलगा इसिकेली यांच्यासोबत राहायची. इसिकेली सतरा वर्षांचा होता आणि दारातून आत येताना वाकायचा. रग्बी लीगच्या एका मोठ्या संघाला तो हवा होता. तानिएलाने संघाच्या माणसाला बजावले होते की कागदावर सही पुरणार नाही, आमच्या भाच्याला आमच्या पद्धतीने मागायला या. त्या माणसाच्या हाती द्यायला त्याने मला विकत घेतले.

दात घेताना तो कोणाच्या घरातून आला हे विचारायचे असते. आमच्या लोकांत हे पोरासोरांनाही माहीत आहे. तानिएलाला विमान गाठायचे होते. माझ्या भोकात वाळू अडकलेली होती, ती त्याने आगकाडीने कोरून काढली आणि विचारायचे ते राहून गेले.

सिडनीत वासितीच्या घरच्या गॅरेजमध्ये चटई अंथरली होती. संघाचा माणूस मांडी घालता घालता घामाघूम झाला. तानिएला त्याला म्हणाला, “साहेब, तुमचे गुडघे देवाने खुर्चीसाठीच बनवलेत.” सगळे हसले. मग त्या माणसाने पाठ केलेले चार शब्द बोलून मला पुढे केले. जोसेफाने मला दोन्ही हातांनी घेतले, ओठांना लावले आणि म्हणाला, “पोरगा तुमचा.”

आत वासिती नारळ खोवत होती. तो आवाज थांबला. त्याच वेळी, इतक्या वर्षांनी, मला पुन्हा ती थंड बोटे जाणवली. मित्रांनो, शब्द त्या साहेबाला दिला गेला होता. पण दात ज्याचा होता, त्यानेही तो ऐकला होता.

पुढची चौदा वर्षे मी दिवाणखान्यात दारावरच्या खिळ्याला होतो. इसिकेली पुढच्या फळीत खेळायचा. त्या फळीतल्या माणसाचे काम सांगायला सोपे आहे. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरून धावत येणाऱ्या तीन माणसांच्या अंगावर जायचे. पडायचे, उठायचे आणि पुन्हा जायचे. तो एका सामन्यात वीस वेळा जायचा. त्याच्या धडकेने समोरची रांग मोडली की आमच्या गल्लीतली घरे ओरडत. चर्चमध्ये पाद्री त्याचे नाव घेई. कोपऱ्यावरचा रोटीवाला त्याला गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभा राहू देत नसे. फिजीच्या संघातून तो विश्वचषक खेळला तेव्हा घरात इतकी माणसे जमली की वासितीने टॅरोचे कंद आंघोळीच्या टबात धुतले.

प्रत्येक सामन्याला निघताना तो वर हात करून मला अंगठा लावायचा. त्याचा अंगठा गरम असे. तो निघून गेला की माझ्यावर उरे ती थंडी त्याची नव्हे.

पहिल्यांदा त्याने ते हसत सांगितले. मैदानात शिरताना बाजूने एक म्हातारा चालतो म्हणे. केस ओले, एक मूठ वळलेली, आणि मुठीत काही नाही. तानिएला म्हणाला की तिकीट काढून आला असेल. पुढच्या वर्षी इसिकेली हसत नव्हता. तो चहाचे आधण ठेवून अंगणात जाई आणि विसरे. चौदा वर्षे रोज पाहिलेल्या वळणावर गाडी थांबवून, घर कुठल्या बाजूला, असे आईला फोन करून विचारी. एकदा भर दुपारी तो दारातल्या गाडीत बसलेला होता, इंजिन चालू. वासिती खिडकीशी गेली तेव्हा तो शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून हळू बोलत होता, “येतो. अजून थोडं थांबा.”

तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितले की डोक्याने आता पुष्कळ सोसले आहे, यापुढचा एखादा धक्का त्याला परत येऊ देणार नाही. इसिकेली ऐकून घेई आणि सरावाला जाई. जोसेफा आदल्या वर्षी वारला होता. आई विनवू लागली की तो माझ्याकडे बोट दाखवायचा. “बाबांनी हा घेतलाय. शब्द माझा नाही, त्यांचा आहे. मी कसा मोडू?”

वासितीने विचार केला. दाताने दिलेला शब्द दातानेच सोडवता येतो. पण आपल्याच घरात, आपल्याच मुलापुढे दात ठेवता येत नाही. मागणारा दुसऱ्या घरचा लागतो. म्हणून एका रविवारी प्रार्थनेनंतर तिने मला खिळ्यावरून काढले, मागच्या दाराने बाहेर पडली, दोन गल्ल्या ओलांडून भावाच्या घरी गेली आणि तिथून तानिएलासोबत माहेरचे माणूस होऊन परत आली. स्वतःच्याच घराच्या पुढच्या दारात उभी राहून तिने आत यायची परवानगी मागितली. गॅरेजमध्ये चटईच्या खालच्या टोकाला ती बसली.

तिने मागणे सांगितले. जोसेफाचा शब्द परत द्या, माझ्या मुलाला खेळातून सोडा.

बापाच्या जागी इसिकेली तिच्यासमोर बसला होता. त्याने हात पुढे केले आणि अर्ध्यावर थांबवले. तो आईकडे बघत नव्हता. तिच्या उजव्या हाताला चटई रिकामी होती, तिथे बघत होता. बाहेर लख्ख ऊन होते. गॅरेजमध्ये एकाएकी ओल्या वाळूचा वास आला. मी तो वास ओळखला.

“आई,” तो म्हणाला, “तेही मागतायत.”

“काय मागतायत?”

“मला. म्हणतायत, याच दातावर दिला होतात.” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. “मी दात घेतला तर तुला हो म्हटलं असं होईल, की त्यांना?”

तानिएलाचा चेहरा राखेसारखा झाला. खाली मान घालून त्याने सगळे सांगितले. दुकान, वाळू, आगकाडी. “मी विचारलं नाही गं, ताई. कुणाचा, ते विचारायलाच हवं होतं.”

वासितीने मुलाला विचारले, “नक्की कुठं बसलेत?” त्याने बोट दाखवले. ती गुडघ्यांवर वळली आणि मला त्या रिकाम्या जागेपुढे ठेवले.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमची वस्तू न विचारता घेतली. चूक आमची. ही घ्या. पोरगा तुमच्या वस्तूवर दिला, म्हणून तो तुमचा होत नाही. तो माझा आहे. तुम्ही खूप वेळ एकटे आहात, हे मला कळतं. पण तो नाही.”

तिने माझ्यावरून हात काढून घेतले. मला कुणी धरलेले नव्हते, तरी मी धरलेला होतो. माझी दोरी चटईवर हळूच ताणली गेली. ते तिथल्या सगळ्यांनी पाहिले.

मग वासिती मुलाकडे वळली. आता तिच्याजवळ द्यायला काही उरले नव्हते. तिने मोकळे तळवे पुढे केले. “दात गेला, बाळा. आता नुसतीच मागते.”

इसिकेलीने त्या हातांकडे पाहिले. त्यांवर खोवणीचे जुने वण होते. मग त्याने दोन्ही हातांनी तिचे दोन्ही हात घेतले.

सुवाच्या दुकानातून माग काढत तानिएलाने मला बेटावर परत नेले. गावच्या वडीलधाऱ्यांपुढे दुसरा दात ठेवून त्याने क्षमा मागितली, आणि त्यांनी मला, ज्याचा होतो त्याच्या हाडांसोबत, भरतीच्या रेषेपासून खूप वर पुरले. दरवर्षी तानिएला येतो, वाळूत बसतो आणि बहिणीच्या घरचे सांगतो. इसिकेली आता मुलांना शिकवतो. धडक देताना डोके कसे बाजूला ठेवायचे, हे पहिले. कधी कधी बोलता बोलता तो थांबतो आणि शब्द शोधतो. मुले वाट बघतात. पूर्वीचे सगळे परत आलेले नाही. पण मैदानावर आता तो एकटाच चालतो.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. तुमच्यासाठी कुणी पुन्हा पुन्हा मार झेलत असेल, मग तो मैदानात असो की घरात, तर ‘अजून एकदा’ म्हणण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांत नीट पाहा. तो थांबतो म्हणाला, तर त्याला कुणाच्या जुन्या शब्दाने बांधू नका. इथे खाली वेळ पुष्कळ आहे. वर, तुमच्याकडे, तो फार थोडा असतो.