सव्वीस मिनिटं

मास्तरीणबाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं, खेळाच्या शर्यतीही लावल्या. कुणाचा अर्धा गुणही कधी इकडचा तिकडे केला नाही. म्हणून गावाची पाहणी गावानेच करायची ठरली, तेव्हा सगळ्यांनी त्यांचंच नाव पुढे केलं. घरात माणसं किती, आजारी किती, पाणी आणायला वेळ किती लागतो, सगळं मोजायचं. नळ आधी कुठे जाणार ते त्यावरच ठरणार होतं. जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला, तरच वस्तीचं नाव यादीत.

टेकडीवरच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण राहायची. ताईच्या उजव्या गुडघ्याने दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता. झऱ्यावरून येताना ती तीनदा टेकायची.

मोजणीच्या सकाळी बाई शाळेचं शर्यतीचं घड्याळ घेऊन वाटेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. समोर वस्तीतल्या नऊ बायका, रिकामे हंडे घेऊन.

"रोज जाता तशाच जा," त्यांनी बजावलं. आणि मग वीस वर्षांची सवय आडवी आली. तोंडातून निघून गेलं, "तयार? एक, दोन, तीन!"

बायकांच्या अंगात वारं शिरलं.

"काकू, म्हातारपणी पंख फुटले काय!"

"तुझ्या सासूला विचार, तिलाही मीच हरवायचे!"

परत आल्या तेव्हा निम्मं पाणी वाटेवर सांडलेलं. ताई तिसरी आली. चेहरा लालबुंद, गुडघा थरथरतोय, आणि डोळ्यांत मात्र दहा वर्षांची पोर. "लहानपणी तरी तू मला कधी हरवलं होतंस का गं?"

नऊ जणींची सरासरी निघाली सव्वीस मिनिटं.

"हे खरं नाही," बाई म्हणाल्या. "उद्या पुन्हा मोजू."

"उद्या मी उठले तर!" ताई हसत म्हणाली.

दुपारच्या सभेत बाईंनी फेरमोजणीची गोष्ट काढली. नळयोजनेच्या साहेबांनी कागद खाली ठेवला. "वरच्या वस्तीत तुमची सख्खी बहीण राहते ना, बाई? पुन्हा मोजलं आणि आकडा वाढला, तर लोक काय म्हणतील?"

"आमच्या आळीची एकतीस मिनिटं," खालच्या आळीचा दुकानदार छताकडे बघत म्हणाला. "आमच्या बायका काही धावल्या नाहीत बुवा."

सगळे हसले. बाईंना उभं राहून सांगता आलं असतं की चूक मोजणीची आहे, माझी आहे, शर्यत मीच लावली. पण वीस वर्षं जपलेलं नाव त्या क्षणी जिभेवर येऊन बसलं. साहेबांनी पेन पुढे केलं. बाईंनी सही केली. नेहमीसारखी, स्वच्छ अक्षरात.

नळ खालच्या आळीला गेला. दुकानदाराच्या दारात आता गुरंसुद्धा तोटीखाली धुतली जातात.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी बाई ताईबरोबर झऱ्यावर गेल्या. हंडा मी घेते म्हणाल्या, तर ताईने हात झटकला. येताना ती पहिल्या दगडावर टेकली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दारात हंडा उतरला तेव्हा बाईंनी मनगटावर नजर टाकली. त्रेचाळीस मिनिटं.

ताईने ते पाहिलं. "लिही की आता."

"कुठे लिहू? पुढची पाहणी पाच वर्षांनी."

"बरं." ताईने गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला. "तेव्हा मी हळूच चालेन हो. तुला सांगावं नाही लागणार."

बाईंनी घड्याळ काढून पिशवीत टाकलं. ताईने हंड्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं. पाहुण्यांना देतात तसं.